वाळूनं पाणी प्यायलंय का, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो कसा कळलाय ते आधी सांगतो. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत वडिलांनी उभी केलेली फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यांत ओतून कास्टिंग बनवायचा कारखाना. साठेक माणसं, महिन्याला शंभर टनांच्या आसपास माल, बराचसा ग्रे आयर्न (साधं ओतीव लोखंड) आणि थोडा एसजी (मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट ओतीव लोखंड). पंप, व्हॉल्व्ह आणि ट्रॅक्टरचे जॉब, म्हणजे सुटे भाग. तीस वर्षं वाळू आणि मोल्डिंग (वाळूचे साचे बनवणं) सांभाळणारे मिस्त्री आठ महिन्यांत निवृत्त होतायत. शेजारचा किलोमागे दोन रुपये कमी भाव देतो. मोठा ग्राहक ऑडिटला आला की ‘तुमच्याकडे इनोव्हेशन काय चाललंय?’ म्हणून विचारतो. आणि एक जण साडेसहा लाखांचं नॉलेज मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घेऊन दारात उभा आहे. घ्यावं का?

आत्ता नको. वर्षभरानं कदाचित. पण तुमचा खरा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाहीच. तुमच्या फाउंड्रीला जे येतं आणि शेजाऱ्याला येत नाही, ते नेमकं काय आहे, कुणाच्या हातात आहे आणि तो माणूस फाटकाबाहेर पडल्यावर ते आत राहणार का, हा प्रश्न आहे. मिस्त्री, दोन रुपये आणि ऑडिट या तिन्ही गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या मांडल्यात. माझ्या मते ती एकच गोष्ट आहे.

मी या धंद्यात अठ्ठावीस वर्षं आहे. पहिली बारा मेथड्स (साच्याची आखणी) आणि क्वालिटीत नोकरी, नंतर लहान-मध्यम फाउंड्र्यांना सल्ला. त्यामुळे पुढचं सगळं फाउंड्रीच्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. तुमचा ग्राहक फक्त किलोचा भाव बघून ऑर्डर हलवणारा असेल, साध्या वजनी कास्टिंगचाच धंदा असेल, तर यातलं निम्मं तुम्हाला लागू पडणार नाही. मात्र इतरांनी ‘जमत नाही’ म्हणून परत केलेले जॉब तुमच्याकडे येत असतील, तर सगळं लागू पडेल. गेल्या दोन वर्षांत असे किती जॉब आले, ते आधी मोजून बघा.

आता वाळूकडे येतो, कारण मला हे सगळं वाळूनं शिकवलं.

नोकरीत असताना आमच्याकडे एक मिस्त्री होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मलरमधून, म्हणजे वाळू मळायच्या यंत्रातून, वाळू निघाली की मामा मूठभर घ्यायचे, आवळायचे, मग दोन बोटांत धरून मधोमध मोडायचे. मोडलेल्या कडा बघायच्या, तुकडा मनगटाच्या आतल्या बाजूला क्षणभर टेकवायचा आणि ‘चालू द्या’ किंवा ‘थांबवा’ म्हणायचं. सगळा खेळ दहा सेकंदांचा. एका उन्हाळ्यात लॅबचा रिपोर्ट ओलावा ३.६ टक्के दाखवत होता, म्हणजे आमच्या मर्यादेत. मामांनी मलर थांबवला. मी रिपोर्ट दाखवला, तर म्हणाले, “सायेब, पाणी बरोबर हाय. पर वाळूनं पाणी प्यायलं न्हाई.”

तेव्हा मला ते ऐकून हसू आलं होतं. संध्याकाळपर्यंत दोन पॅटर्नच्या (ज्या नमुन्यावरून साचा घेतात त्याच्या) साच्यांच्या कडा ढासळल्या, वाळू वितळलेल्या लोखंडाच्या रसाबरोबर वाहून आत गेली आणि चाळीसेक जॉब ढिगावर पडले. मामांचं न ऐकता मलर चालू ठेवायला सांगणारा मीच होतो.

मामांचं म्हणणं शास्त्राच्या भाषेत सांगायला मला पुढे जवळजवळ चार महिने लागले. वाळूचे कण धरून ठेवतं ते बेन्टोनाइट, एक चिकणमाती. पाणी त्यात मुरावं लागतं आणि मुरायला वेळ लागतो. साच्यातून परत आलेली वाळू गरम असेल, साधारण पन्नास अंशांच्या वर, तर घातलेलं पाणी बेन्टोनाइटमध्ये मुरण्याआधीच वरच्या वर उडायला लागतं. लॅबमध्ये नमुना पोचेपर्यंत पाणी मोजायला सापडतं, पण बेन्टोनाइट कोरडंच असतं, आणि साच्याच्या पेटीत जाईपर्यंत वाळूची ताकद संपलेली असते. मामा मनगटावर तापमान बघत होते आणि मोडलेल्या कडेवर बेन्टोनाइट मुरलंय का ते बघत होते. ‘वाळूनं पाणी प्यायलं न्हाई’ हे वाक्य अक्षरशः खरं होतं.

हे त्यांच्याकडून निघालं कसं, ते तुमच्या कामाचं आहे. ‘मामा, तुम्ही वाळू कशी ओळखता?’ असं विचारलं की उत्तर एकच: “हाताला कळतं.” आठवडा गेला, काही हाती लागेना. मग मी प्रश्न फिरवला. ‘मामा, कुठल्या दिवशी तुम्ही वाळूला हात न लावताच चालू द्या म्हणता?’ लगेच उत्तर आलं: सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला. का? रात्रभर पडून वाळू थंड असते. ‘आणि सगळ्यात जास्त वेळा कधी थांबवता?’ मोठा जॉब चालू असताना, कारण जाड कास्टिंग वाळूला जास्त तापवतं, पेट्या भराभर फिरतात आणि वाळूला निवायला सवड मिळत नाही. म्हणजे सगळी विद्या अपवादांत होती. नेहमी काय करता ते त्यांना सांगता येत नव्हतं. नेहमीपेक्षा वेगळं कधी करता ते घडाघडा सांगता येत होतं.

त्यातून निघालं ते अगदी साधं. परतीच्या पट्ट्यावर एक तापमापक लावला, वाळू पंचेचाळीसच्या वर गेली की थोडं पाणी पट्ट्यावरच मारायचं ठरवलं आणि मलरची वेळ वाढवली. मलरपाशी कॉम्पॅक्टेबिलिटीची (वाळू किती दाबली जाते याची) चाचणी ठेवली, म्हणजे लॅबपर्यंत जायचा वेळ वाचला. तापमापक शेजाऱ्यालाही मिळतो. तो कुठे लावायचा आणि पंचेचाळीसला काय करायचं, हे त्याला माहीत नसतं. तुमच्या धंद्यातला टिकाऊ फायदा मला अशाच ठिकाणी दिसतो. इंडक्शन फर्नेस, स्पेक्ट्रोमीटर, सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर हे सगळं कर्ज काढून कुणालाही आणता येतं. विकत आणता येणाऱ्या गोष्टीवर फार दिवस पुढे राहता येत नाही.

उघड दाखवूनही न चोरता येणाऱ्या ज्ञानाचं मोठं उदाहरण वाहन उद्योगात आहे. जनरल मोटर्सनं कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटचा आपला कारखाना १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये तोच कारखाना टोयोटाबरोबर भागीदारीत पुन्हा सुरू झाला, बरेचसे कामगार तेच, आणि गुणवत्ता झपाट्यानं सुधारली. टोयोटाची पद्धत जनरल मोटर्सच्या माणसांनी रोज डोळ्यांनी बघितली. तरी ती त्यांच्या इतर कारखान्यांत रुजायला वर्षानुवर्षं लागली. त्यामुळे शेजारचा तुमची फाउंड्री बघून जाईल या भीतीनं दारं लावून घेऊ नका. बघून कळतं ते थोडंच असतं.

पण उलटी बाजूही तितकीच खरी आहे. जे बघून शेजाऱ्याला कळत नाही, ते तुमच्या स्वतःच्या मुलांनाही कळत नाही. याची सर्वात अंगावर येणारी गोष्ट अमेरिकेच्या अण्वस्त्र खात्यातली आहे. डब्ल्यू-७६ या अण्वस्त्रात ‘फॉगबँक’ नावाचा एक पदार्थ लागतो. तो काय आहे ते आजही गुप्त आहे. टेनेसीतल्या ओक रिजच्या वाय-१२ कारखान्यात तो १९७५ ते १९८९ या काळात बनला. नंतर उत्पादन थांबलं, जुना कारखाना मोडीत निघाला, माणसं निवृत्त झाली. २००० साली ही अस्त्रं नव्यानं दुरुस्त करायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं की तो पदार्थ कसा बनवायचा याच्या नोंदी अपुऱ्या आहेत आणि बनवणारी माणसं जवळजवळ उरलेली नाहीत. नवी सोय उभारून तो पुन्हा जमवण्यात वर्षं आणि कोट्यवधी डॉलर गेले. २००९ मध्ये अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षकांनी यावर अहवाल दिला.

यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग पुढचा. पदार्थ अखेर बनला, पण जुन्यासारखा वागेना. शोधल्यावर कळलं की जुन्या काळी कच्च्या मालात एक अशुद्धी असायची आणि तीच कामाची होती. नव्या प्रक्रियेत शुद्धीकरण इतकं चांगलं होतं की ती निघून जात होती. जुन्या कामगारांनाही हे माहीत नव्हतं. म्हणजे त्यांच्याकडून सगळं लिहून घेतलं असतं तरी हे निसटलंच असतं.

तुमच्याकडे हे कसं घडेल सांगतो. मिस्त्री गेल्यावर सहा महिन्यांत खरेदीवाला मुलगा बेन्टोनाइटचा पुरवठादार बदलेल, टनामागे काही रुपये वाचवेल, टेस्ट सर्टिफिकेट अगदी बरोबर असेल आणि ब्लो होल (कास्टिंगमध्ये वायू कोंडून पडणारी भोकं) वाढतील. कारण मिस्त्री जुन्या पोत्याला हात लावून पाण्याचं माप मनातल्या मनात बदलत होते आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं, बहुधा त्यांनाही नाही. म्हणून माणसाचं बोलणं टिपण्याइतकंच मालाचं टिपणं महत्त्वाचं आहे. बेन्टोनाइटचा लॉट, नवी वाळू कुठून आली, कोळशाची पूड कुणाची, भंगारात काय मिसळलं, या चार गोष्टी रोजच्या हीटच्या (भट्टीच्या एकेका घाण्याच्या) कागदावर तारखेसह असू द्या. आज निरुपयोगी वाटतील. वर्षभरानंतर एखाद्या संध्याकाळी त्यांच्यासाठी तुम्ही जीव टाकाल.

आता माझ्या चुका सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

स्वतंत्र काम सुरू केल्यावर एका फाउंड्रीत मी एकशे चाळीस पानांचं मॅन्युअल बनवून दिलं होतं. फोटो, तक्ते, सगळं इंग्रजीत, स्पायरल बाइंडिंगसह. मालक खूश, ऑडिटर खूश. दोन वर्षांनी गेलो तर ते क्वालिटीच्या कपाटात होतं आणि त्याच्यावर चहाचे कप ठेवायची सोय झाली होती. त्यात खोटं काही नव्हतं. पण एसजीत मॅग्नेशियमची प्रक्रिया झाली की दहा-बारा मिनिटांत रस ओतून संपवावा, नाहीतर मॅग्नेशियम उतरतं, असलं जे कुठल्याही पुस्तकात मिळतं, तेच मी सुबक टाइप करून दिलं होतं. त्या फाउंड्रीत लॅडल (रसाचं भांडं) घेऊन शेवटच्या पेटीपर्यंत जायला किती वेळ लागतो आणि वाटेत ट्रॉली कुठे अडते, हे त्यात कुठेच नव्हतं.

दुसरी चूक सूचनापेटीची. टोयोटात कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ पासून आहे, हे वाचून मी भारावलो आणि एका ठिकाणी कुलूपबंद पेटी लावली. पहिल्या महिन्यात कँटीनच्या तक्रारी, दुसऱ्या महिन्यात सुपरवायझरच्या, तिसऱ्या महिन्यात विडीची थोटकं. सूचना देणाऱ्याला तिचं पुढे काय झालं ते कधीच कळत नव्हतं, मग कोण कशाला लिहील?

हा प्रश्न फोटोकॉपी यंत्रं बनवणाऱ्या झेरॉक्स कंपनीनं जास्त शहाणपणानं सोडवला. त्यांचे तंत्रज्ञ यंत्रं दुरुस्त करायला गावोगाव फिरायचे. एका मानववंशशास्त्रज्ञानं त्यांच्याबरोबर राहून अभ्यास केला, तेव्हा दिसलं की मॅन्युअलमध्ये नसलेल्या बिघाडांवरचे उपाय ही माणसं जेवताना, चहा पिताना एकमेकांना गोष्टींसारखे सांगतात. पुढे नव्वदच्या दशकात कंपनीनं ‘युरेका’ नावाची व्यवस्था सुरू केली. तंत्रज्ञानं उपाय लिहायचा, दुसऱ्या अनुभवी तंत्रज्ञांनी तो तपासायचा आणि लिहिणाऱ्याच्या नावासकट तो सगळ्यांना मिळायचा. यात संगणक होताच, पण ती चालली ती दोन कारणांनी: तपासणारा साहेब नव्हता, बरोबरीचा कारागीर होता, आणि उपायाखाली नाव होतं. आपल्याकडच्या मिस्त्रींनाही नावाचं मोल कळतं. वहीत त्यांचं नाव लिहा, बघा काय फरक पडतो.

तर तुम्ही काय करावं? मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात रिजेक्शनच्या ढिगापासून केली असती. रोज सकाळी साडेआठला, मोल्डिंग, कोअर शॉप (कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणारे वाळूचे कोअर बनतात ती जागा), मेल्टिंग आणि फेटलिंगचा (कास्टिंग घासून साफ करणाऱ्यांतला) एकेक माणूस, मिस्त्री आणि तुम्ही स्वतः. पंधरा मिनिटं, उभ्यानं, ढिगापाशी. केबिनमध्ये नाही. कालचे वाया गेलेले जॉब हातात घ्यायचे. शंभर पानी वहीत प्रत्येकाला एक ओळ: काय दिसलं, कशामुळे असावं, आज काय बदलणार. चौथा रकाना रिकामा ठेवायचा. तो तीन दिवसांनी भरायचा: बदल्यावर काय झालं. माझ्या अनुभवात बहुतेक वह्या या चौथ्या रकान्यात मरतात. अंदाज सगळे सांगतात, निकाल लिहायला कुणी परत येत नाही. आणि निकालाशिवाय ती वही म्हणजे नुसती गाऱ्हाण्यांची यादी. मालक स्वतः चौथा रकाना विचारतो तिथेच ती चालते. सकाळी साडेआठला ढिगापाशी उभं राहणं तुम्हाला शक्य नसेल, तर बाकीचं वाचू नका, खरंच.

वही मराठीत. तुमच्या माणसांच्या भाषेत. ‘वाळूनं पाणी प्यायलं नाही’ असंच लिहा, त्याचं ‘इम्प्रॉपर बॉन्डिंग’ करू नका. मूळ शब्द गेला की त्याबरोबर निम्मी माहिती जाते.

व्हॉट्सॲप ग्रुपचं विचाराल, तर फोटो काढायला तो उत्तम आहे. साठवायला वाईट. गुड मॉर्निंग आणि वाढदिवसाच्या केकखाली तुमचा ब्लो होल गाडला जातो आणि फोन बदलला की संपलं. फोटो पाठवा, पण संध्याकाळी एकानं ते वहीशी जोडायला हवेत.

वहीतून महिन्यातून एकदा जे पक्कं ठरेल, ते पॅटर्नच्या कुंडलीत जायला हवं. मी त्याला कुंडलीच म्हणतो. प्रत्येक पॅटर्नबरोबर एक जाड कार्ड, प्लास्टिकमध्ये, पॅटर्नलाच अडकवलेलं. पुढच्या बाजूला वजन, ओतायचं तापमान, गेटिंगची (रस साच्यात जायच्या वाटांची) आकृती, कोअरची संख्या. मागच्या बाजूला त्या जॉबची आजारपणं: कधी काय झालं होतं, कशानं बरं झालं. नवा मोल्डर पॅटर्न रॅकवरून काढतो तेव्हा कुंडली आपोआप त्याच्या हातात येते. ज्ञान कामाच्या जागी असावं लागतं. कपाटापर्यंत कोण जातो?

आता इनोव्हेशन. ऑडिटरला काय दाखवायचं ही चिंता सोडा. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ या कलमात संस्थेचं ज्ञान सांभाळायला सांगितलेलंच आहे. बहुतेक जण त्यासाठी एक कागद भरून ठेवतात. तुम्ही वही दाखवा. चौथ्या रकान्यासकट भरलेली वही बघितलेला ऑडिटर पुढचे प्रश्न कमी विचारतो.

पण खरं इनोव्हेशन कसं येतं, याचा एक प्रसंग सांगतो. एका फाउंड्रीत बेअरिंग हाउसिंगच्या जॉबला ब्लो होल यायचे. कधी खूप, कधी अजिबात नाही. दोषी सापडावा म्हणून मालकानं प्रत्येक कोअरवर बनवणारीची खूण घालायला लावली. मलाही तेव्हा त्यात काही गैर वाटलं नव्हतं. दोन आठवड्यांत दिसलं की चांगले जॉब जवळजवळ सगळे एका मावशींच्या कोअरचे आहेत. त्या सीओटू कोअर बनवायच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू सोडून कडक केलेले. शेजारी बसून बघितलं, तर कोअर गॅस करण्याआधी त्या तारेनं छिद्रं पाडताना एक छिद्र जास्त पाडायच्या, प्रिंटच्या (कोअर साच्यात टेकतो त्या टोकाच्या) बाजूनं, तिरकं. ड्रॉइंगमध्ये ते नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, “तिकडनं वाफ कोंडती, म्हणून.” कुणी शिकवलं? कुणीच नाही. अकरा वर्षं त्या हे करत होत्या आणि अकरा वर्षं कुणी विचारलं नव्हतं. गुन्हेगार शोधायला घातलेल्या खुणेनं कारागीर सापडली.

पुढे ते तिरकं छिद्र कोअर बॉक्समध्येच पिन बसवून कायमचं केलं. ब्लो होल आटोक्यात आले, हा झाला फायदा. त्यापेक्षा मोठा फायदा असा झाला की अवघड कोअरची भीती गेली. पातळ भिंतीचा, पोटात तीन कोअर असलेला एक जॉब दोघांनी परत केला होता. तो त्यांनी घेतला आणि भाव स्वतः सांगितला. किलोच्या भावाची घासाघीस तिथे झालीच नाही. ग्राहकाला इनोव्हेशन दिसतं ते असं. त्याच्या मुळाशी एक तार, एक छिद्र आणि ते कुणीतरी विचारलं एवढंच असतं.

मावशींचं नाव कुंडलीवर लिहिलं का, असं मी मालकाला विचारलं. लिहिलं नव्हतं. मग लिहिलं. पगारही थोडा वाढवला, पण त्यासाठी मला दोन वेळा आठवण करावी लागली.

दोन रुपयांचा हिशेब राहिला. वाया गेलेल्या जॉबचं लोखंड पुन्हा भट्टीत जातं, म्हणून आपण ते फुकट समजतो. पण वीज (नुसतं वितळवायलाच टनाला सहाशेच्या आसपास युनिट), वाळू, कोअर, मजुरी, फेटलिंग हे सगळं गेलेलं असतं. तुमच्याकडे हा खर्च किलोला ३५ रुपये धरू. खरा आकडा तुम्ही काढा. रिजेक्शन ८ टक्के असेल तर शंभर किलो चांगला माल द्यायला १०८.७ किलो ओतावा लागतो. ४ टक्के असेल तर १०४.२. फरक साडेचार किलोचा, म्हणजे शंभर किलोमागे साधारण १५८ रुपये, किलोला दीड रुपयाच्या वर. शेजाऱ्याच्या दोन रुपयांतले दीड तुमच्याच ढिगावर पडलेत. तो कमी भाव कसा देतो ते मला माहीत नाही. कदाचित त्याचं रिजेक्शन खरंच कमी असेल, कदाचित तो तोट्यात विकत असेल. पण तुमचे दीड रुपये तुमच्या हातात आहेत.

माणसं सोडून जातील आणि शिकवलेलं घेऊन जातील, ही भीती तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीय. जातील काही. बाँड लिहून घ्यायच्या भानगडीत पडू नका. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे तेच काम करू नये, अशी अट भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे साधारणपणे टिकत नाही. गुप्ततेचा करार वेगळा, तो जरूर करा, पण त्यावर झोप येईल इतका भरवसा ठेवू नका. पेटंटचं म्हणाल, तर हक्क वीस वर्षांचा मिळतो खरा, पण त्यासाठी सगळी रीत उघड लिहून द्यावी लागते. फाउंड्रीच्या आतली युक्ती शेजारी वापरतोय हे तुम्ही सिद्ध कसं करणार? त्याच्या शॉपमध्ये कोण जाऊ देणार आहे? म्हणून आतल्या प्रक्रियेला मी सहसा पेटंट सुचवत नाही. विकल्यावर बाहेर दिसणाऱ्या वस्तूची गोष्ट वेगळी. आणि हेही लक्षात घ्या की एक माणूस गेला तर एक तुकडा जातो. वही, कुंडली, मावशी, पट्ट्यावरचा तापमापक आणि सकाळची पंधरा मिनिटं हे सगळं एकदम उचलून कुणी नेऊ शकत नाही.

मग मिस्त्री. त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून ‘सांगा’ म्हणू नका. ते पुस्तकातलं बोलायला लागतील. त्यांच्या हाताखाली एक नव्हे, दोन मुलं द्या, कारण एक तर सोडून जाणारच. आठवड्यातून एकदा मुलांनी मिस्त्रींना समजावून सांगायचं की वाळू कधी थांबवायची आणि का. मिस्त्री जिथे हसतील किंवा ‘तसं न्हाई’ म्हणतील, तिथे पेन काढायचं. मला सगळ्यात चांगला माल नेहमी या दुरुस्त्यांतून मिळालाय.

आणि त्यांच्या मनातली एक गोष्ट तुम्हीच आधी बोला. सगळं सांगून टाकलं तर माझी किंमत काय उरली, हे त्यांना वाटणार. त्यात चूक काहीच नाही. तीस वर्षं त्या हातावरच त्यांचा मान होता. निवृत्तीनंतर आठवड्याला दोन दिवस, ठरलेल्या मानधनावर, नुसतं ढिगापाशी उभं राहायला बोलवा, आणि हे आजच, लेखी सांगा. सॉफ्टवेअरच्या साडेसहा लाखांत याचे दोन वर्षांचे पैसे आरामात निघतात.

सॉफ्टवेअरवाल्याला वर्षभरानं या म्हणावं. तेव्हा वहीतल्या हजारभर ओळी त्याच्या पुढ्यात टाका आणि म्हणा, ‘पावसाळा, व्हॉल्व्ह बॉडी, ब्लो होल’ हे मराठीत शोधून दाखव. सापडलं तर भावाचं बोला.

एक शेवटचं, घाईचं. आठ महिने म्हणालात, पण कुठल्या महिन्यापासून ते लिहिलं नाहीत. कॅलेंडर काढून बघा, मिस्त्री जायच्या आधी एक अख्खा पावसाळा मिळतोय का. ओलं भंगार, दमट हवा, थंड पॅटर्नला चिकटणारी गरम वाळू, हे सगळं जून ते सप्टेंबरमध्येच दिसतं आणि मिस्त्रींना त्याबद्दल मार्चमध्ये विचारून काही आठवणार नाही. पावसाळा मध्ये येत नसेल, तर त्या दोन दिवसांच्या बोलीत जून-जुलैला रोज यायचं कबूल करून घ्या.